दिवेलागणीला दिसेनासे झाले तर

पोर दिवसभर अंगणात हुंदडते आणि दिवेलागणीला उंबऱ्याला ठेचकाळते, ताटातली भाकर चाचपडते. घरचे म्हणतात, धांदरट आहे. पण हे रातांधळेपण असू शकते. माहूरच्या डोंगरपट्ट्यात दिवस मावळल्यावर वाटेला उजेड नसतो, तिथे ही गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी नाही.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. डॉक्टर रेटिना म्हणतात. बाहुलीतून आलेला उजेड हा पडदा झेलतो आणि मेंदूला निरोप धाडतो. त्यातल्या सुमारे ६० लाख शंकूपेशी दिवसा रंग व बारकावे दाखवतात. अंधुक उजेडातले काम जवळपास १२ कोटी दंडपेशींचे. या दंडपेशींत जांभळट रंगद्रव्य असते. उजेड पडला की ते विरते, आणि पुन्हा तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागते. ते शरीरात तुटले की पहिली झळ रात्रीच्या नजरेला बसते. पुढे डोळा कोरडा पडतो, बुबुळावर फूल पडून कायमचे अंधत्वही येते.

गुरांचेही असेच. उन्हाळाभर नुसत्या कडब्यावर काढलेले जनावर सांजेला गोठ्यात येताना अडखळते. हिरवी वैरण मिळाली की सुधारते. वासराला पहिला चीक पाजायचा तो यासाठीही.

माणसाची हिरवी वैरण म्हणजे शेवग्याचा पाला, करडईची कोवळी भाजी, मेथी, पावसाळ्यातला तरोटा, परसातली पिकली पपई. भाजीला तेल हवेच, त्याशिवाय हे सत्त्व अंगी लागत नाही. पाला वाळवायचा तर सावलीत वाळवा. लेकरांना अ जीवनसत्त्वाचा डोसही मिळतो: पहिला नवव्या महिन्यात, दुसरा दीड वर्षाच्या सुमारास, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा-सहा महिन्यांनी. तो चुकवू नका, पण आपल्या मनाने जादाही पाजू नका. गरोदर बाईला सांजेचे दिसत नसेल तर आरोग्य केंद्रात दाखवा.

डोस झाला, भाजी झाली, तरी अंधारात दिसतच नसेल, तर पिढीजात दोषाने दंडपेशीच झिजत असतील. असा दोष जवळच्या नात्यातल्या लग्नांतून जास्त उतरतो, आणि मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे आहेच. घरात असे कुणी असेल तर सोयरीक ठरवण्याआधी नेत्रतज्ज्ञाला विचारावे. पडदा तपासताना डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात, मग काही तास धूसर दिसते. सोबत कुणाला तरी न्या, आणि परतताना मोटारसायकल त्याच्या हाती द्या.