शुद्धिपत्र नको, शुद्ध प्रत हवी

माझ्या पहिल्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर शुद्धिपत्र होते. पृष्ठ अमुक, ओळ तमुक, या शब्दाऐवजी तो शब्द वाचावा, अशा १९ दुरुस्त्या. प्रकाशकांनी ते पान सचोटीने छापले. पण आधी शुद्धिपत्र वाचून मग कादंबरीला हात घालणारा वाचक मला अजून भेटायचा आहे. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्या दुरुस्त्या मजकुरातच उतरल्या आणि शेवटचे पान गळाले. तेव्हा कुठे पुस्तक माझे झाले असे वाटले.

बँकेत तर निम्मे आयुष्य शुद्धिपत्रांवर गेले. १९८०च्या दशकात मी शाखेत रुजू झालो तेव्हा नियमांचे एक जाडजूड बाड अधिकाऱ्याच्या टेबलावर असे. मूळ नियम छापलेला, त्यावर डिंकाने चिकटवलेली दुरुस्ती, तिच्यावर दुसरी, आणि कडेला ‘अमुक परिपत्रकान्वये रद्द’ असा लाल शाईचा शेरा. एकदा एका वृद्ध बाईंनी मुदत ठेव मुदतीआधी मोडली. मी बाड उघडले आणि नियमाप्रमाणे त्यांच्या व्याजातून दंड कापला. तो नियम दोन महिन्यांपूर्वीच बदलला होता. परिपत्रक शाखेत आलेही होते; कोणाच्या तरी टेबलावर फायलीखाली पडून होते. चूक तपासनीसाने काढली, पैसे खात्यात परत जमा झाले आणि मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, ‘साहेब, औषधासाठी मोडली होती हो ठेव.’

हे सारे पुन्हा आठवले ते माझ्या भाच्यामुळे. २०१६च्या मे महिन्यात मी गावी गेलो होतो. भाचा तिथल्या माध्यमिक शाळेत शिक्षक. शाळेला माजी विद्यार्थ्यांकडून आणि इकडून तिकडून १२ जुने संगणक देणगी मिळाले होते. सगळे चालू, पण भूतबाधा झाल्यासारखे संथ. सगळ्यांवर विंडोज ७ ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी मूळ प्रणाली. ती पुसून नव्याने घालायची होती. अडचण अशी की कोणाच्या पाठीवर होम बेसिकचा परवाना चिकटवलेला, कोणाच्या होम प्रीमियमचा, कोणाच्या प्रोफेशनलचा. त्यातही काही ३२ बिटचे, काही ६४ बिटचे. शिवाय शाळेजवळची डिस्क २०११ सालची. तिच्यावरून प्रणाली घातली की संगणक लगेच पाच वर्षांच्या दुरुस्त्या मागू लागे, दोनशेच्या घरात. शाळेत इंटरनेट म्हणजे एक डोंगल. हे १२ वेळा करायचे, आणि मध्ये वीज जाणार ती वेगळीच.

‘मामा,’ भाचा म्हणाला, ‘तुमच्या बँकेतल्या त्या चिकटवलेल्या चिठ्ठ्या आठवतात? मला चिठ्ठ्या चिकटवायच्याच नाहीत. पुस्तकच नव्यानं छापायचंय.’

त्याने जे केले ते समजायला मला दोन दिवस लागले. इथे थोडक्यात सांगतो. विंडोज ७ बाजारात आली २२ ऑक्टोबर २००९ रोजी. २०११च्या फेब्रुवारीत तिच्या दुरुस्त्यांचा पहिला मोठा संच, सर्व्हिस पॅक, निघाला. दुसरा कधीच निघाला नाही. २०१६च्या मे महिन्यात मात्र मायक्रोसॉफ्टने मधल्या काळातल्या बहुतेक दुरुस्त्या एका गठ्ठ्यात बांधून दिल्या, आणि हा गठ्ठा मूळ डिस्कमधल्या प्रतीतच मिसळता येईल अशी सोय ठेवली. दुसरी सोय मुळातच होती. डिस्कवर प्रणालीची जी मुख्य फाइल असते तिच्यात सगळ्या आवृत्त्या एकत्र नांदतात. सर्वांना लागणाऱ्या फायली एकदाच ठेवलेल्या असतात. कोणत्या आवृत्तीने काय घ्यायचे याची फक्त यादी निराळी. लग्नघरात भात पंगतीगणिक वेगळा शिजत नाही, पातेले एकच. ताटात काय वाढायचे ते वाढपी ठरवतो, तसे. डिस्कवर एक छोटी फाइल असते, ती कोणती आवृत्ती घालायची हे परस्पर ठरवून टाकते. ती काढली की संगणक विचारतो, यातली कोणती?

मग भाच्याने मुख्य फाइल एका फोल्डरमध्ये उलगडली. मायक्रोसॉफ्टच्याच अवजाराने आधी दुरुस्त्या स्वीकारणाऱ्या यंत्रणेची दुरुस्ती घातली, मग तो मोठा गठ्ठा, आणि बदल कायम करून फाइल मिटली. हा क्रम चुकला की गठ्ठा आत जात नाही. एक आवृत्ती झाली की दुसरी, तिसरी. मग ६४ बिटच्या पुन्हा तेवढ्याच. जुन्या लॅपटॉपवर हे काम रात्रभर चालले. पहाटे वीज गेली, बॅटरीने दगा दिला, आणि अर्धवट उलगडलेली आवृत्ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. शेवटी सगळे मिळून आकार एवढा झाला की ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवर मावेना. पेनड्राइव्ह घ्यावा तर त्याच्या नेहमीच्या मांडणीत ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. म्हणून मुख्य फाइलचे दोन तुकडे केले. तिसऱ्या दिवशी त्या एका पेनड्राइव्हवरून बाराही संगणक उभे राहिले. दुरुस्त्या अंगात घेऊनच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. सगळ्या आवृत्त्या एका डिस्कवर आहेत म्हणून सगळ्या आपल्या होत नाहीत. बँकेच्या तिजोरीत साऱ्या गावाचा पैसा असतो, पण आपल्याला मिळतो तो आपल्या पासबुकापुरता. भाच्याने प्रत्येक संगणकावर त्याच्या पाठीवरच्या परवान्याचीच आवृत्ती घातली. ‘कोणाला कळणार आहे?’ असे मुख्याध्यापकांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘मुलांना कळेल, सर.’

ही सगळी खटपट कशासाठी, असे वाचकांना वाटेल. तर जरा मागे जाऊ. २००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाच्या विषाणूने विंडोज एक्सपीवर धाड घातली. त्याच्यावरची दुरुस्ती महिनाभर आधीच, जुलैत, निघाली होती. पण जुन्या डिस्कवरून नुकतीच प्रणाली घातलेला संगणक ती दुरुस्ती आणायला इंटरनेटवर गेला, की ती उतरण्याआधीच विषाणू त्याला गाठू शकत असे. औषध आणायला निघावे आणि वाटेतच रोग लागावा, असा प्रकार. २०१७ साली तेच मोठ्या प्रमाणावर घडले. दुरुस्ती १४ मार्चला निघाली. वॉनाक्रायचा हल्ला १२ मे रोजी झाला. बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७चे होते. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. त्याच्या चोरवाटा आणखीही होत्या, पण ही न मिटलेली खिडकीही त्याने वापरली, आणि त्या तडाख्यात आपल्या न्हावा शेवाच्या बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. माझ्या त्या वृद्ध खातेदार बाईंची गोष्टच जगभर घडली. परिपत्रक निघाले होते. टेबलावर पोचले नव्हते.

अशी डिस्कही शिळी होतेच. म्हणून भाचा दर मोठ्या सुट्टीत ती नव्याने करी आणि तिच्यावर मार्करने तारीख लिही. २०१७च्या एप्रिलमध्ये परीक्षा संपताच त्याने ती केली होती. मे महिन्यात शाळेला काही झाले नाही. कदाचित एरवीही झाले नसते. पण बातम्या आल्या त्या रात्री तो शांत झोपला, हे मला ठाऊक आहे.

आता आक्षेप. एवढे कष्ट कोण करणार? बहुतेक जण करत नाहीत. ते कुणीतरी तयार केलेली डिस्क आणतात. फूटपाथवर मिळणाऱ्या ‘सर्व काही एकात’ डिस्कमध्ये दुरुस्त्यांसोबत आणखी काय मिसळले आहे, हे कोण सांगणार? मूळ प्रतीचा डिजिटल ठसा जुळवून पाहता येतो, जशी आम्ही धनादेशावरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहत असू. अनोळखी माणसाने मिसळलेल्या प्रतीला असा नमुनाच नसतो. म्हणजे प्रामाणिक पण अडलेल्या ग्राहकाला आपणच चोरबाजाराकडे ढकलतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की शुद्ध प्रत देणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, घेणाऱ्याच्या हौसेचा भाग नव्हे. विंडोज १०पासून मायक्रोसॉफ्टने मुख्य आवृत्त्या एकत्र असलेली, वेळोवेळी ताजी केलेली प्रत स्वतःच देऊ केली, हे मान्य केले पाहिजे. पण विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबला तेव्हा साऱ्या दुरुस्त्या पोटात घेतलेली अखेरची डिस्क ग्राहकाच्या हाती पडली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव सवलत मिळाली, एवढेच. ‘नवी प्रणाली घ्या’ हा सल्ला सोपा आहे. पण विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. चांगले चालणारे कितीतरी संगणक त्या उंबरठ्यावरच अडतात.

आधार थांबवण्याचा हक्क कंपनीला आहे. पण दुकान बंद करताना हिशेब पुरा करून द्यावा. त्या दिवसापर्यंतच्या सर्व दुरुस्त्या मिसळलेली, सर्व आवृत्त्यांची एक अखेरची प्रत, तिच्या ठशासह, कायम उपलब्ध ठेवावी. परवाना ज्याचा त्याने आणावा. पुढे सापडणाऱ्या छिद्रांवर तो इलाज नव्हे. पण ठाऊक असलेली छिद्रे तरी बुजलेली असतील. फोन आणि टीव्ही विकणाऱ्यांनाही हाच न्याय लागू व्हावा.

हे अशक्य आहे असे मला कोणी सांगू नये. २०२५च्या नोव्हेंबरात आपल्या रिझर्व्ह बँकेने वर्षानुवर्षे साचलेली नऊ हजारांवर परिपत्रके मोडीत काढून २४४ एकत्रित निर्देशांत बसवली, आणि तीही व्यापारी बँकांपासून सहकारी बँकांपर्यंत ज्याला जे लागू ते वेगळे करून. ते वाचले तेव्हा मला डिंकाची बाटली आठवली, आणि त्या बाईही. १९८०च्या दशकात माझ्या टेबलावर असे पुस्तक असते, तर त्यांच्या औषधाचे पैसे कापले गेले नसते.