लंडनला मुलांकडे निघालात? आधी दिवस किती मोठा ते बघा

मुलगा किंवा मुलगी लंडनला असली की तुमची तयारी महिनाभर आधीच सुरू होते. स्वेटर, कानटोपी, मेतकूट, गोडा मसाला, सहा महिन्यांच्या गोळ्या. थंडीबद्दल सगळेच बजावून सांगतात. उजेडाबद्दल कुणी बोलत नाही. तिथे गेल्यावर मात्र अनेकांना थंडीपेक्षा अंधारच जड जातो.

मुंबई-पुण्यात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा ११ तासांचा असतो. जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. म्हणजे फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, आणि तो अंगवळणी पडलेला. लंडनला २१ डिसेंबरला सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. पुरता आठ तासांचाही दिवस नाही. तेच २१ जूनला पहाटे पावणेपाचला सूर्य वर आलेला असतो आणि रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी मावळतो.

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका हा फरक वाढतो. मुंबई १९ अंशांवर आहे, लंडन साडेएक्कावन्नवर. सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे, म्हणून तिथे बाराही महिने दिवस साधारण बारा तासांचा. एडिंबरा लंडनच्याही उत्तरेला, तिथे डिसेंबरात सातच तास.

तेव्हा तारखा तुमच्या हातात असतील तर मे ते सप्टेंबरमधल्या निवडा. बाळंतपणासाठी जायचं असेल तर तारीख हातात नसते, हे मला ठाऊक आहे. मग हिवाळ्याची तयारी करून जा.

हिवाळ्यात घरी काय होतं ते आधीच सांगून ठेवतो. मुलं कामाला जातात. तुम्ही उठून चहा, आंघोळ, पूजा करेपर्यंत अकरा वाजतात. मग स्वयंपाक, जेवण, जरा आडवं होणं. डोळा उघडतो तेव्हा खिडकीबाहेर काळोख. असे चार-आठ दिवस गेले की मन खंतावतं.

म्हणून क्रम बदला. नाश्ता झाला की आधी बाहेर पडा, पूजा आणि स्वयंपाक नंतर. दहा ते एकमध्ये अर्धा-पाऊण तास तरी चाला, आभाळ भरलेलं असलं तरीही. ढगांतून येणारा उजेडही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. दुपारच्या झोपेला अर्ध्या तासाचा गजर लावा.

घरात दक्षिणेकडची खिडकी कोणती ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि तुमची खुर्ची तिथे हलवा. डिसेंबरात लंडनचा सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून पंधराच अंश वर येतो. तो तिरपा असल्यामुळे ऊन खोलीत पार आतपर्यंत येतं. निवडणं, टिपणं, वाचन, सगळं तिथेच करा.

नातवंडांना शाळेतून आणायचं काम बहुधा तुमच्याकडे येईल. शाळा सव्वातीन-साडेतीनला सुटते. घरी पोहोचेपर्यंत अंधारून येतं. फिकट किंवा चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला. फोन चार्ज करून न्या. ओल्या पानांवरून पाय घसरतो, तेव्हा चपला नकोत, बूटच हवेत.

उगाच रडू येत असेल, दिवसभर झोपावंसं वाटत असेल, तर मनात ठेवू नका. उजेड कमी झाला की काहींना हा त्रास होतो. त्यात तुमचा काही दोष नाही. मुलांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. ‘ड’ जीवनसत्त्वाचंही विचारा. शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा, असा ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचाच सल्ला आहे. मात्र आधीपासून औषधं चालू असतील तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

उन्हाळ्याचा घोळ वेगळा. रात्रीचे नऊ वाजले तरी बाहेर लख्ख उजेड. जेवण लांबतं, झोप लांबते, आणि पहाटे पाचच्या आत ऊन डोळ्यांवर. झोपायच्या खोलीला जाड पडदे लावून घ्या. जेवण आणि गोळ्या घड्याळाप्रमाणे, सूर्याकडे बघून नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे कसोशीने पाळावं.

संकष्टी करत असाल तर आणखी एक. इथल्या दिनदर्शिकेतली चंद्रोदयाची वेळ तिथे चालत नाही. लंडनची वेळ काढून घ्या. जूनमध्ये चंद्र उगवायला रात्रीचे अकरा-बाराही वाजू शकतात. मधुमेह असेल तर तोवर उपाशी राहू नका. वेळेवर जेवा, देव रागावत नाही.

घड्याळंही वर्षातून दोनदा बदलतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. फोन आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ बदलत नाही. भारताशी साडेचार तासांचा फरक ऑक्टोबरअखेर साडेपाच होतो. गावाकडे फोन करायची वेळ त्याप्रमाणे ठरवा, नाहीतर तुमच्या फोनने घरच्यांची झोपमोड होईल.

मुलं मेलबर्नला असतील तर उजेड-अंधाराचे वरचे महिने उलटे धरा. तिथे डिसेंबरात पावणेपंधरा तासांचा दिवस असतो आणि जूनमध्ये साडेनऊ तासांचा. जाड पडदे डिसेंबरात लागतील. आणि जूनमध्ये उन्हाची खुर्ची उत्तरेच्या खिडकीशी मांडा, कारण तिथे सूर्य उत्तरेकडून फिरतो.