याला जुगाड म्हणू नका

आपल्याकडे एखादी अडलेली वस्तू कुणी चालू करून दिली की कौतुकाचे वाक्य ठरलेले असते, "काय जुगाड केलास!" मला हा शब्द पटत नाही. त्यात शाबासकी कमी आणि हिणवणे जास्त आहे. डिग्रीवाल्याने केले की इंजिनिअरिंग, गॅरेजमधल्या पोराने केले की जुगाड. शब्दाच्या या फरकामुळे आपल्या मुलांचे किती ज्ञान वाया जाते, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मुद्दा नीट मांडता यावा म्हणून मी मुद्दाम विमानाचे उदाहरण घेतो. तिथे "चालतंय तसं चालू द्या" असे म्हणता येत नाही.

विमान म्हटले की सातारा-सांगलीच्या माणसाला पुणे-मुंबई आठवते. सांगलीजवळच्या कवलापूरची धावपट्टी वर्षानुवर्षे वापराविना पडून आहे, आणि तिथे विमानतळ व्हावा ही मागणी दर निवडणुकीत नव्याने निघते. कराडची धावपट्टी मात्र कोयना प्रकल्पाच्या काळातली, १९५० च्या दशकातली. आज ती महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहे. पलीकडे बारामतीला वैमानिक घडवणारी प्रशिक्षण केंद्रे आहेत. म्हणजे हे जग आपल्यापासून फार दूर नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण लागते, आणि या तासांचा खर्च लाखांत जातो. त्यासाठी कुणी शेत गहाण टाकते, कुणी कर्ज काढते. विमान जमिनीवर उभे राहिलेला प्रत्येक दिवस अशा घरांना महाग पडतो.

आता विमानातल्या माहितीबद्दल. प्रशिक्षणाच्या लहान विमानांत, उदाहरणार्थ सेस्ना १७२ मध्ये, जीपीएसचे यंत्र बसवलेले असते. त्यात धावपट्ट्या, हवाई मार्ग, रेडिओच्या वारंवारता आणि उतरण्याच्या पद्धती साठवलेल्या असतात. ही माहिती कायमची नसते. जगभर ती दर २८ दिवसांनी बदलते आणि बदल गुरुवारी लागू होतो. आपल्या चांद्रमासाचे २९ की ३० हे चंद्र दिसल्यावर ठरते. इथे २८ म्हणजे २८, आणि पुढच्या तारखाही कितीतरी आधी जाहीर असतात. वर्षातून साधारण १३ वेळा यंत्रात नवी माहिती भरावी लागते.

ही माहिती विकणाऱ्या कंपन्यांमध्ये जेपेसन हे सर्वांत जुने नाव. त्या नावाचा माणूस अमेरिकेत टपालाचे विमान चालवायचा. १९३० च्या दशकात नकाशे धड नव्हते. तो एका काळ्या वहीत डोंगरांची उंची, धावपट्टीची लांबी, अगदी हवामान सांगू शकतील अशा शेतकऱ्यांचे फोन नंबरसुद्धा टिपून ठेवायचा. सोबतचे वैमानिक ती वही मागू लागले तेव्हा त्याने तिच्या प्रती १० डॉलरला विकायला सुरुवात केली. पुढे त्यातून मोठा व्यवसाय उभा राहिला. या सगळ्याची सुरुवात एका वहीपासून झाली, एवढे ध्यानात असू द्या.

आज ती वही एका कार्डात बंद आहे. १९९८ च्या सुमारास आलेले गार्मिनचे जीएनएस ४३० हे यंत्र अजून हजारो विमानांत चालते. त्याचे कार्ड दिसायला साधे, पण मोबाइलच्या दुकानातल्या कार्ड रीडरमध्ये ते चालत नाही. त्याला खास रीडर लागतो, रीडरला त्याचा ड्रायव्हर लागतो, आणि कंपनीचे सॉफ्टवेअर विंडोज गृहीत धरून लिहिलेले असते. रीडर चांगला आहे, कार्ड चांगले आहे, माहितीचे पैसेही भरलेले आहेत, पण जुना संगणक बंद पडला तर सगळेच अडते.

माझ्या ओळखीतला सातारा जिल्ह्यातला एक मुलगा आयटीआय करून एका प्रशिक्षण संस्थेत तांत्रिक मदतनीस म्हणून लागला. तिथे नेमके हेच घडले. कार्यालयातला जुना विंडोजचा संगणक गेला. नवे लॅपटॉप लिनक्सचे होते. चौकशी केली तर उत्तर मिळाले की नवा संगणक घ्या, जमल्यास रीडरही नवा घ्या. गुरुवार पाच दिवसांवर आला होता. रविवारी तो रीडर आणि लॅपटॉप घेऊन माझ्याकडे सांगलीला आला. म्हणाला, "चाचा, विमान तयार आहे, विद्यार्थी तयार आहेत, संगणक तेवढा कार्ड ओळखत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये करून बघू का?"

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. बाहेरच्याला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. यजमान लिनक्सचा असला तरी पाहुणा विंडोजचा असू शकतो. नावे अगदी चपखल आहेत, कारण सगळी अडचण पाहुणचाराचीच असते. शहाणा पाहुणा यजमानाने दिल्याशिवाय घरातल्या वस्तूला हात लावत नाही. रीडर यूएसबीत घातला की तो आधी यजमानाच्या हाती लागतो. यजमानाने तो सोडून पाहुण्याच्या हाती द्यावा लागतो.

मुलाने व्हर्च्युअलबॉक्स टाकले, परवान्याचे विंडोज बसवले. पहिली अडचण अशी की पाहुण्याला यूएसबीची एकही वस्तू दिसेना. लिनक्सवर यासाठी वापरकर्त्याचे नाव एका ठरावीक गटात घालावे लागते, त्या गटाचे नाव व्हीबॉक्सयूजर्स. ते केल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत यावे लागते. व्हर्च्युअलबॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांत यूएसबी २ आणि ३ साठी वेगळे एक्स्टेन्शन पॅकही टाकावे लागे. एवढे झाल्यावर यादीत रीडरचे नाव आले.

दुसरी अडचण जास्त चकवणारी होती. रीडर दिसायचा, पाहुण्याकडे जायचा आणि दोन सेकंदांत गायब व्हायचा. रीडर बिघडला असे वाटावे असाच प्रकार. मुलाने घाई केली नाही. यजमानाकडची नोंद उघडून ओळ न् ओळ वाचली. यूएसबीच्या प्रत्येक वस्तूला दोन ओळखक्रमांक असतात, एक बनवणाऱ्याचा आणि एक वस्तूचा. काही उपकरणे सुरू होताना एका क्रमांकाने हजर होतात, आपले अंतर्गत सॉफ्टवेअर भरून घेतात आणि मग दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा हजर होतात. यजमानाच्या लेखी हा दुसराच कुणीतरी आला, म्हणून तो त्याला स्वतःकडे ठेवून घ्यायचा. उपाय साधा होता. पाहुण्यासाठी एक नव्हे, दोन फिल्टर लावायचे, दोन्ही क्रमांकांचे, आणि बाकीचे रकाने रिकामे ठेवायचे. रीडरही हबमधून न जोडता थेट लॅपटॉपला जोडायचा. मग तो टिकला. कार्ड वाचले गेले, लिहिले गेले आणि पडताळले गेले.

यानंतर त्याने जे केले त्याला मी जास्त मानतो. चालू स्थितीतल्या पाहुण्याचा स्नॅपशॉट घेतला, म्हणजे पुढे काही बिघडले तर याच स्थितीला परत येता येईल. माहिती उतरवण्याचे काम सोडून एरवी पाहुण्याचे इंटरनेट बंद ठेवले. आणि दोन पानांवर मराठीत सगळ्या पायऱ्या लिहिल्या, क्रमांकांसकट.

याला जुगाड म्हणायचे? लक्षण पाहणे, कारण शोधणे, एका वेळी एकच बदल करणे, पडताळणे आणि लिहून ठेवणे, यालाच तर पद्धत म्हणतात. कॉलेजात यालाच गुण मिळतात.

एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. विमानाच्या बाबतीत असले प्रयोग करावेत का? माझे उत्तर असे की प्रयोग विमानावर झालेला नाही, कार्यालयातल्या संगणकावर झाला आहे. सॉफ्टवेअर कंपनीचेच, माहिती पैसे भरून घेतलेली, रीडर मूळचाच. कार्ड लिहून झाल्यावर ते पडताळले जाते. विमानातले यंत्र सुरू होताना माहिती कधीपासून कधीपर्यंत लागू आहे ते पडद्यावर दाखवते आणि वैमानिकाने ते वाचून मान्य करायचे असते. शिवाय संस्थेच्या जबाबदार अभियंत्याला विचारल्याशिवाय आणि नोंदवहीत लिहिल्याशिवाय ते कार्ड विमानात जाता कामा नये. त्या मुलाने सोमवारी सकाळी पहिले काम तेच केले, अभियंत्यासमोर सगळे पुन्हा करून दाखवले. लपवून केलेली दुरुस्ती आणि उघड केलेली दुरुस्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुगाड शब्दाचा खरा तोटा हाच, की तो या दोन्हींना एकाच पोत्यात घालतो.

दुसरा मुद्दा पैशाचा. दर २८ दिवसांनी जगभरची माहिती गोळा करून तपासणाऱ्याला मोबदला मिळाला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चोरीची प्रत वापरणे हा हक्काचा मुद्दा होऊ शकत नाही. पण मी विकत घेतलेला रीडर मी कोणत्या संगणकाला जोडावा, हे विकणाऱ्याने का ठरवावे? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. २०२० नंतरच्या ॲपलच्या संगणकांत प्रोसेसरच वेगळा आला, त्यामुळे इंटेलसाठी लिहिलेले जुने ड्रायव्हर तिथे पाहुण्यातही चालत नाहीत. दर काही वर्षांनी चांगल्या वस्तू अशा भंगारात निघतात. ड्रायव्हरची माहिती खुली केली तर कंपनीचे फारसे काही जात नाही. परदेशातल्या काही हौशी वैमानिक-प्रोग्रामरांनी अशा रीडरसाठी लिनक्सवर चालणारी मुक्त साधने स्वतः लिहून सर्वांना देऊन टाकली आहेत. जेपेसनच्या वहीचा खरा वारसा मला तिथे दिसतो.

हा प्रश्न विमानापुरता नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्याचे बोटांचे ठसे घेणारे यंत्र, ठेकेदाराचे डिजिटल सहीचे टोकन, सांगलीच्या हळद बाजारातल्या एखाद्या अडत्याचे डोंगलवर चालणारे जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर, सगळीकडे हीच कथा आहे. वस्तू शाबूत, संगणक बदलला, काम अडले. आणि सगळीकडे उपायही बराचसा हाच आहे. मग तो मराठीत लिहिलेला का सापडत नाही?

या भागाला हे शोभत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती याच सांगली जिल्ह्यात. लोखंडी नांगराने जमीन नासेल असे शेतकऱ्यांना वाटायचे, त्यांना समजावून नांगर विकावा लागला. किर्लोस्करांचे नांगर विकत फिरणाऱ्यांत भाऊराव पाटीलही होते. त्यांनी १९१९ साली साताऱ्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना "कमवा आणि शिका" असे सांगितले. १९२० साली किर्लोस्करवाडीतून "किर्लोस्कर खबर" हे मासिक निघाले. यंत्र, श्रम आणि मराठी छपाई यांचा मेळ शंभर वर्षांपूर्वी इथेच बसला होता.

आता आपल्या लोकांशी थोडे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की मुसलमानांत पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून जास्त आहे. मोहल्ल्यात फिरलो तरी ते दिसते, गॅरेज, वेल्डिंग, वाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती. या दुकानांत उस्तादाकडून शागिर्दाकडे जे जाते ते तोंडी जाते. उस्ताद गेला की निम्मे त्याच्याबरोबर जाते. काही उस्ताद तर हुनर मुद्दाम राखून ठेवतात, सगळे शिकवले तर पोरगा समोरच दुकान टाकेल म्हणून. ही भीती मला समजते, पण कंपनीने ड्रायव्हर दडवला म्हणून आपण चिडतो आणि स्वतःचे हुनर मात्र दडवतो, हे एकत्र कसे बसते? आयटीआय झालेल्या मुलाला "मेकॅनिक झालास" असे खालच्या सुरात म्हणणे बंद करा, आणि त्या मुलानेही केलेले काम कागदावर उतरवावे. लिहिलेले नसेल तर ना पगार वाढतो, ना पुढची पायरी मिळते.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात एक वही असावी. कोणती वस्तू, काय लक्षण, काय कारण, काय केले आणि कशाने खात्री झाली, एवढ्या पाच ओळी मराठीत लिहाव्यात आणि त्या दुसऱ्याला वाचायला द्याव्यात. त्या मुलाच्या दोन पानांची झेरॉक्स आता संस्थेच्या फायलीत लागली आहे. पुढच्या खेपेला तो सुट्टीवर होता, तरी दुसऱ्या मुलीने ती पाने समोर ठेवून अर्ध्या तासात कार्ड भरले.