शिकाऊंचा अभ्यासक्रम आपणच लिहावा

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ यातील दुरुस्तीस ऑगस्ट २०१४ मध्ये लोकसभेने व नोव्हेंबरमध्ये राज्यसभेने संमती दिली. २२ डिसेंबर २०१४ पासून ती अमलात आली. उद्योगांना हवे असलेले कौशल्य आणि तरुणांना मिळणारे शिक्षण यांतील अंतर कमी करणे, हा तिचा हेतू. नियमभंगाबद्दलची कारावासाची शिक्षा तिने रद्द केली, याचीच चर्चा अधिक झाली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद मात्र निराळी आहे. शासननियुक्त व्यवसायांखेरीज ‘ऐच्छिक व्यवसाय’ हा प्रकार तिने मान्य केला आणि तो कोणता असावा हे मालकाने ठरवावे, असे म्हटले. आयुर्वेदीय फार्मसींनी या अधिकाराचा उपयोग केला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्नेहपाकाचेच उदाहरण घ्यावे. कल्काची वर्ती वळली जाणे, अग्नीवर टाकता तडतड न होणे, तेलावर फेन येणे आणि घृतावरील शांत होणे, ही लक्षणे ग्रंथांत आहेत. परंतु मोठ्या कढईखालचा विस्तव नेमका केव्हा ओढावा, हे अनुभवी कारागिराजवळ उभे राहूनच कळते. भावना आणि पुट यांचेही तसेच. शेड्यूल टी ने २००० साली जागा, यंत्रे व नोंदवह्या यांना शिस्त लावली. पण जाणता हात तयार करण्याचे काम आपलेच आहे. हा कारागीर निवृत्त झाला की त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. वैद्यवर्गासही हे लागू आहे. चरकाचार्यांनी चतुष्पादांत परिचारकाला स्थान देऊन त्याच्याकडून उपचारज्ञता व दक्षता अपेक्षिली आहे. पंचकर्मासाठी असा परिचारक आयता मिळत नाही.

शिकविलेला मुलगा उद्या दुसऱ्या फार्मसीत जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. एकानेच शिकविले तर त्याचे नुकसान होईल. सर्वांनी शिकविले तर जाणाऱ्याच्या जागी तितकाच तयार दुसरा मिळेल. तथापि कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. विद्यावेतन देऊन त्याला वर्षभर बाटल्यांवर लेबले चिकटवायला बसविणे ही त्याची फसवणूक होय.

२०१९ च्या नियमबदलाने ३० वा अधिक माणसांच्या आस्थापनांना शिकाऊ घेणे बंधनकारक केले, तर ४ ते २९ माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक ठेवले. म्हणजे लहान फार्मसींनाही मार्ग मोकळा झाला. संघटनेने स्नेहकल्पना, आसवारिष्टे व भस्मनिर्मिती यांचे अभ्यासक्रम तयार करण्यास समिती नेमावी आणि प्रत्येक फार्मसीमालकाने आपल्या जुन्या कारागिराकडून एका तरी कल्पाची कृती व परीक्षा तपशिलाने लिहून घेऊन तिच्याकडे पाठवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.