चढा सूर

आमच्या चिरंजीवांच्या खोलीत ‘थ्रॅश मेटल’चा दणदणाट सुरू झाला, की “बंद कर ते!” म्हणून मी ओरडत असे. परवा म्हटले, एकदा ऐकावे तरी! ‘स्लेअर’ या कॅलिफोर्नियातील चौघांची १९८६ ची तबकडी : १० गाणी, अवघी २९ मिनिटे! त्याच साली ‘मेटालिका’ने ८ गाण्यांना जवळजवळ ५५ मिनिटे घेतली, सुरुवात तर हळुवार गिटारीने. संताप सारखाच, मांडणी ज्याची त्याची.

“याहून वेगाने ‘स्लेअर’ पुढे काय वाजवणार?” मी विचारले.

“बाबा, १९८८ साली त्यांनी लय मुद्दाम उतरवली.”

मी चपापलो. चढलेला सूर आपण होऊन उतरवणे त्यांना ऐन तारुण्यात साधले. मला पन्नाशीतही नाही.

“पुन्हा लाव,” मी म्हणालो. हळू आवाजात.