लांडगा खडू खातो तेव्हा

शार्ल पेरो यांनी १६९७ साली पॅरिसमध्ये छापलेल्या गोष्टीत लाल टोपीवालीला कुणीच वाचवत नाही. लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते. वर लेखक बजावतो की गोडबोले, अदबशीर लांडगेच सर्वांत घातक. १८१२ मध्ये ग्रिम बंधूंनी शिकारी आणून मुलगी जिवंत बाहेर काढली आणि आईची आज्ञा मोडल्याचा दोष तिच्या माथी मारला. गंमत अशी की त्या आईने लांडग्याचं नावही काढलेलं नसतं. वाट सोडू नकोस, पडशील, बाटली फुटेल, एवढीच तिची काळजी. मुलाच्या हाती फोन देताना 'पाडू नकोस, स्क्रीन फुटेल' एवढंच सांगणारे आपण तिच्याच जातकुळीतले.

'अनोळखी माणसाशी बोलू नको' हा उपदेश ऑनलाइन लंगडा पडतो, कारण गेममध्ये भेटलेला माणूस चार दिवसांत मित्र झालेला असतो. ग्रिमांच्या सात करडांना आईने खूण सांगितली होती: लांडग्याचा आवाज घोगरा, पाय काळे. लांडग्याने खडू खाऊन आवाज मऊ केला, पायाला पीठ फासलं. प्रोफाइलचा फोटो हे आजचं पीठ. पंचतंत्रातला कोल्हा अधिक हुशार. तो खुणांवर न विसंबता रिकाम्या गुहेलाच हाक मारतो, आणि आत दबा धरलेला सिंह ओ देऊन बसतो. मुलांना हीच युक्ती शिकवावी: 'थांब, आईला विचारते' असं लिहायचं. 'घरी सांगू नकोस' असं उत्तर आलं, की सिंह बोलला.

पण पुढे काय? ग्रिमांच्या गोष्टीत लांडगा आत शिरल्यावर घड्याळात लपून वाचलेलं धाकटं करडू आईला सगळं सांगतं, आणि 'दार उघडलंतच का' असं ती विचारत नाही. आपल्याकडे आधी फोन काढून घेतला जातो. पुढच्या वेळी मूल गप्प राहतं. लैंगिक हेतूने मुलांशी सतत ऑनलाइन संपर्क ठेवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनही आहे. पण मुलाने तोंड उघडलं नाही तर दोन्ही निरुपयोगी.

ग्रिमांनी टोपीवालीच्या गोष्टीला एक शेपूट जोडलं होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. तिला दुसरा लांडगा भेटतो. या वेळी ती तडक आजीकडे जाऊन सांगते. दोघी दार लावून घेतात, सॉसेज उकडलेलं पाणी दगडी डोणीत ओततात, आणि वासाला भुललेला लांडगा छपरावरून घसरून त्यात बुडतो. शिकाऱ्याची गरजच पडत नाही.