मोटार कोणती घ्यावी?

बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, एखाद्या गॅरेजपुढे चार मोटारवाले जमले की मोटार कोणती चांगली हा वाद हटकून निघतो. एकजण ॲव्हरेजचा हिशेब मांडतो. दुसरा विचारतो, सहा माणसे आणि दोन पोती खत घेऊन ती धारूरचा घाट चढेल काय? तिसऱ्याचे म्हणणे असे की, मोडली तर केज-गेवराईच्या मिस्त्रीला ती दुरुस्त करता आली पाहिजे. सुट्या भागासाठी पुण्याची वाट पाहण्याची पाळी येता कामा नये. चौथा, पाच वर्षांनी विकताना तिचे किती येतील एवढेच पाहतो. हा वाद हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. वस्तूची पारख उपयोगावरून करण्याची जुनी शेतकरी रीत त्यात आहे. बैल घेतानाही याच जातीचे प्रश्न विचारले जात असत.

परंतु या वादात एक पाचवाही प्रश्न असतो आणि तो कोणी उघडपणे विचारीत नाही : ही मोटार दारात उभी राहिली म्हणजे लोक काय म्हणतील? परवाना-पद्धतीच्या काळात अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनी, एवढीच जवळजवळ निवड होती. तिच्यासाठीही वर्षानुवर्षे थांबावे लागे. तेव्हा मोटार असणे हीच प्रतिष्ठा होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाला मोटारीचे स्वप्न परवडू लागले. २००९ मध्ये एक लाखाची मोटार म्हणून नॅनो आली. प्रश्न केवळ किमतीचा असता, तर ती घरोघर दिसावयास हवी होती. प्रत्यक्षात दहा वर्षांच्या आत तिचे उत्पादन थांबले. त्याला इतरही कारणे होती; पण ‘सर्वांत स्वस्त’ ही ख्याती तिला भोवली, हे रतन टाटा यांनी स्वतःच पुढे मान्य केले. गरिबाची म्हणून ओळखली जाणारी मोटार गरिबीतून वर येऊ पाहणाऱ्यालाही नकोशी झाली. दुसऱ्या टोकाला पुढाऱ्यांमागे धावणारा स्कॉर्पिओंचा ताफा आहे. मोटारीच्या काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली. तरी अशा काचा मिरवण्यात कित्येकांना आजही मोठेपणा वाटतो. तेथे मोटार हे प्रवासाचे साधन राहिलेले नसून वचक बसविण्याचे साधन झालेले असते.

या साऱ्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे बोलणाऱ्याची ऐपत. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जातात, तेथे ही ऐपत किती जणांपाशी असणार? भांडीकुंडी, सरपण आणि लेकरे यांच्यासह ही कुटुंबे ट्रकमध्ये वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात. आपण कोणत्या वाहनातून जावे हे त्यांना कोणी विचारलेले नसते.

आता मोटारवाल्यांचेच चार प्रश्न सर्वांसाठी म्हणून विचारून पाहावेत. माणशी सर्वांत कमी इंधन कशाला लागते? घाट चढून जास्तीत जास्त माणसे कोण नेते? दुरुस्तीची सोय तालुक्याच्या गावीच, स्वतःच्या आगारात कोणाची असते? आणि जुनी झाल्यावर होणारी घट कोणा एका कुटुंबाच्या माथी मारली जात नाही, असे वाहन कोणते? उत्तर एकच येते : एस. टी. १ जून १९४८ रोजी पहिली एस. टी. शेजारच्या नगरहून पुण्यास गेली, तेव्हा बीड अजून निजामाच्या राज्यात होते. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद तिने पुढे या जिल्ह्यातही आणले. शाळेला जाणारी मुलगी, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात निघालेला रोगी आणि बाजारकरी या सर्वांची मोटार तीच. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले आणि त्यांची गर्दी उसळली. गाडीत बसण्याची गरज आधीपासूनच होती, आड येत होते ते भाडे, हे त्यातून दिसले. ऑक्टोबर २०२१ अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत कामगारांचा संप चालला, तेव्हा एस. टी. नसणे म्हणजे काय याचाही अनुभव खेड्यापाड्यांनी घेतला.

यावर मोटारवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे : एस. टी. वेळेवर येत नाही, फेरी ऐनवेळी रद्द होते आणि रात्री बाळंतीण अडली तर बालाघाटातल्या वस्तीवर एस. टी. कोठून येणार? हे उत्तर खोटे नाही. ज्या जिल्ह्याच्या मुख्य गावी नगरहून रेल्वे यायला मंजुरीनंतर तीस वर्षे जावी लागली आणि १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला, तेथे लोकांनी कर्ज काढून मोटार घेतली तर त्यांना दोष देता येणार नाही. मात्र फायनान्स कंपनीला दरमहा जाणारा हप्ता हा सार्वजनिक सेवेच्या दुरवस्थेपोटी भरलेला खासगी करच होय. तो भरण्याची ऐपत नसलेला काळी-पिवळी जीपच्या टपाला लटकतो, किंवा घरीच राहतो. शिवाय ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे अशी माणसे एकदा स्वतःच्या मोटारीत बसली की, रद्द झालेल्या फेरीबद्दल आगारप्रमुखाला जाब विचारणारा उरत नाही. एस. टी. आणखी खालावते आणि मोटारीची गरज आणखी वाढते.

म्हणून मोटार घेऊ नये असा उपदेश करण्यात अर्थ नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वाहनाची जी कसून तपासणी गॅरेजपुढे होते, ती सर्वांच्या पैशाने चालणाऱ्या वाहनाचीही ग्रामसभेत झाली पाहिजे. गावाची मुक्कामी गाडी कोणत्या महिन्यापासून बंद आहे? आगारातील किती गाड्या घाट चढण्याच्या लायकीच्या आहेत? सायंकाळची शेवटची फेरी शाळा सुटण्याआधी का निघते? हे प्रश्न मोटारवाल्यांनीही विचारले पाहिजेत, कारण त्यांचीही लेकरे उद्या दुसऱ्या गावी शिकायला जाणार आहेत आणि एका घरातील एक मोटार एका वेळी एकाच दिशेला जाऊ शकते.